कलेजीचा वाटा

मराठी माणसाचे काळीज फाटते, काळजाचे पाणी होते, लेकरू त्याच्या काळजाचा तुकडा असते. हे बोलताना त्याचा हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. पण शब्दाचा माग काढला तर हात उजवीकडे, बरगड्यांच्या खाली न्यावा लागेल. संस्कृतातील 'कालेय' म्हणजे यकृत. त्यापासून 'काळीज' आणि 'कलेजा' हे दोन्ही शब्द आले. बोलीत काळीज पुढे हृदयाच्या जागी जाऊन बसले. खाटकाच्या दुकानात मात्र 'कलेजी' आपल्या मूळ अर्थाला धरून राहिली.

फारसीतला 'जिगर' आणि संस्कृतातला 'यकृत' हे वरवर परके वाटणारे शब्द एकाच कुळातले आहेत. ग्रीक 'हेपार' आणि लॅटिन 'येकुर' ही त्यांचीच भावंडे. म्हणजे मुरादाबादचे शायर अली सिकंदर (१८९०-१९६०) यांनी 'जिगर' हा तखल्लुस घेतला आणि आयुर्वेदाच्या वैद्याने 'यकृत' म्हटले, तेव्हा दोघे एकच शब्द उच्चारत होते. अरबीचे कूळ वेगळे. तिथे यकृत म्हणजे 'कबिद'. हिब्रूत 'कावेद', आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'जड'. शरीरातला हा सर्वांत जड आतला अवयव, म्हणून ही जवळीक असावी. अरब आपल्या मुलांना यकृताचे तुकडे म्हणतात आणि उर्दूत त्याचे 'लख्ते-जिगर' होते. आपला 'काळजाचा तुकडा' एकटा नाही. त्याचे गणगोत बगदाद-दमास्कसपर्यंत पसरले आहे.

ज्या अवयवात जुन्या जगाने प्राण, प्रेम आणि हिंमत पाहिली, तोच अवयव माणसे आवडीने खात आली. त्या खाण्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मांस सुकवता येते, खारवता येते, धुरावर टिकवता येते. कलेजीचे तसे नाही. तिच्यात पाचक द्रव्ये आणि रक्त भरपूर असल्याने ती फार लवकर नासते. जनावर कापले त्याच दिवशी तिचा निकाल लावावा लागतो. त्यामुळे कलेजी कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न तिच्या प्रत्येक पदार्थामागे उभा आहे.

भविष्य सांगणारे यकृत

मानवाने यकृताकडे सर्वांत बारकाईने पाहिले ते खाण्यासाठी नव्हे, भविष्य जाणण्यासाठी. आजच्या इराकमध्ये, प्राचीन बाबिलोनमध्ये, बळी दिलेल्या मेंढीचे यकृत बाहेर काढून पुरोहित त्यावरच्या रेषा, खाचा आणि गाठी वाचत. राजाने लढाईला जावे की नाही, हे त्यावरून ठरे. शिकाऊ पुरोहितांसाठी यकृताच्या मातीच्या प्रतिकृती बनवल्या जात. सुमारे पावणेचार-चार हजार वर्षांपूर्वीच्या अशा प्रतिकृती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इटलीत पिआचेंझाजवळ १८७७ साली सापडलेले काशाचे यकृतही प्रसिद्ध आहे. त्यावर एत्रुस्कन लोकांनी आपल्या देवांची नावे कोरली आहेत.

इस्लामने शकुन-अपशकुनांचा हा सारा बाजार मोडीत काढला. यकृतात उद्याची बातमी नसते. ते अल्लाहने हलाल केलेले अन्न आहे, एवढीच त्याची जागा ठरली. पण अरबांच्या मनातले यकृताचे वजन कमी झाले नाही. उहुदच्या लढाईत, म्हणजे इसवी सन ६२५ मध्ये, हजरत हमजा शहीद झाले. बद्रमध्ये बाप गमावलेल्या हिंद बिन्त उत्बाने सूडापोटी त्यांचे यकृत चावले, असे इब्ने इसहाकच्या सीरतमध्ये येते. पुढे मक्का फतेह झाल्यावर हीच हिंद ईमान घेऊन आली आणि तिला माफी मिळाली. वैराची परिसीमा सांगायला त्या काळच्या अरबांना यकृतच आठवावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच्या अगदी उलट टोकाला सहीह बुखारीतली एक हदीस आहे. मदिनेचे ज्यू विद्वान अब्दुल्लाह बिन सलाम यांनी पैगंबरांना तीन प्रश्न विचारले. त्यातला एक होता, जन्नतवासीयांचे पहिले अन्न कोणते? उत्तर मिळाले, माशाच्या यकृताचा टोकाचा तुकडा. वैराच्या गोष्टीत आणि स्वर्गाच्या दस्तरखानावर, दोन्हीकडे एकच अवयव.

रक्त, पण हलाल

कुरआनने वाहते रक्त हराम ठरवले. मग यकृताचे काय? ते तर रक्ताचेच गोळे दिसते. याचा खुलासा इब्ने उमर यांच्याकडून आलेल्या आणि इब्ने माजात नोंदलेल्या रिवायतीत आहे. दोन मृत जीव आणि दोन रक्ते आपल्याला हलाल आहेत. मृत जीव म्हणजे मासा आणि टोळ. रक्ते म्हणजे कलेजी आणि तिल्ली. फिकाहच्या दृष्टीने प्रश्न इथे संपला. मुसलमान घरात कलेजी धुऊन सरळ तव्यावर जाते.

आपले शेजारी अहले-किताब, म्हणजे ज्यू, यांची वाट थोडी वेगळी. तौरातनेही रक्त वर्ज्य केले आहे. इतर मांसाला मीठ लावून रक्त काढले की त्यांचे भागते. यकृताला मात्र तेवढे पुरत नाही. ते उघड्या आगीवर भाजावेच लागते. या एका नियमातून पूर्व युरोपातल्या ज्यूंचा एक नामांकित पदार्थ घडला. भाजलेली कलेजी, तळलेला कांदा आणि उकडलेले अंडे एकत्र बारीक चिरायचे आणि पक्ष्याच्या चरबीत मळायचे. यिद्दिश भाषेत त्याला 'गेहाक्ते लेबर', म्हणजे चिरलेली कलेजी, म्हणतात. पोलंड-रशियातून निघालेल्या गरीब निर्वासितांबरोबर तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या खानावळींची ओळख बनला. एकाच मनाईतून दोन उम्मतींचे दोन स्वयंपाक निघाले. दोन्हीकडे कांदा मात्र सुटला नाही.

अंजिराने फुगवलेली श्रीमंती

यकृत श्रीमंतांच्या हाती पडले की काय होते, ते रोममध्ये पाहावे. रोमन धनिक डुकरिणीला आणि गूज या बदकाच्या जातीच्या मोठ्या पक्ष्याला अंजिरे चारून त्यांचे यकृत फुगवत. डुकरिणीबाबतचा हा शोध त्या काळचा खवय्या अपिसियस याचा, असे प्लिनीने लिहिले आहे. अपिसियसच्या नावावर असलेल्या पाकग्रंथात त्याच्या कृतीही आहेत. एका कृतीत यकृत चिरून मिरी व तेजपानासारख्या पानांच्या झाडाची फळे घातलेल्या माशाच्या खारट रसात मुरवतात, मग जाळीदार चरबीत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. 'अंजिराचे यकृत' याला लॅटिनमध्ये 'येकुर फिकातुम'. लोकांनी 'येकुर' टाकून दिले, नुसते 'फिकातुम' ठेवले. आज इटालियन 'फेगातो', फ्रेंच 'फुआ', स्पॅनिश 'हिगादो' हे सारे यकृताचे शब्द अंजिरापासून आलेले आहेत. आपल्याकडे अवयवाच्या नावावरून पदार्थ ओळखला गेला. तिथे पदार्थाने अवयवाचे नावच गिळून टाकले.

पक्ष्याला बळेच चारण्याची ही युक्ती रोमपेक्षाही जुनी. इजिप्तच्या सक्कारा येथील चार हजार वर्षांहून जुन्या थडग्यांच्या भिंतींवर माणसे गूजच्या चोचीत गोळे कोंबताना कोरलेली आहेत. मध्ययुगात ही विद्या टिकवली ती बहुतांशी युरोपातल्या ज्यूंनी, आणि तीही चैनीसाठी नव्हे. डुकराची चरबी त्यांना हराम, मांसाबरोबर लोणी वर्ज्य. तळणाला पक्ष्याची चरबीच हवी. पक्षी चरबीसाठी पोसला, की यकृत आपोआप मोठे होई. पोपच्या स्वयंपाकघरात राहिलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी या आचाऱ्याने १५७० सालच्या ग्रंथात ज्यूंनी वाढवलेल्या गूजचे यकृत दोन-तीन पौंडांचे भरते, अशी नोंद केली आहे. गरजेतून निघालेली ही वस्तू पुढे फ्रान्सच्या सरदारांनी उचलली. १७८० च्या सुमारास स्ट्रासबुर्गमध्ये तिचा कणकेत भाजलेला 'पाते' प्रसिद्ध झाला. चरबीखाली दाबलेली, पुढे डबाबंद झालेली ही कलेजी टिकू लागली आणि दूरदूर विकली जाऊ लागली. जी गोष्ट टिकते तिचा व्यापार होतो, आणि व्यापार झाला की ती गरिबाच्या हातून जाते. बळेच चारण्यातली क्रूरता आज अनेक देशांना मान्य नाही. भारताने २०१४ साली या पदार्थाची आयात बंद केली.

बाजारातली कलेजी

सर्वसामान्यांची कलेजी मात्र कत्तलखान्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वाढली. व्हेनिसमध्ये वासराच्या यकृताच्या पातळ कापा भरपूर कांद्यात परततात. कांदा मंद आचेवर बराच वेळ गळू द्यायचा आणि कलेजी मात्र चटकन उतरवायची. यातले शास्त्र सगळीकडे सारखे आहे. यकृतात स्नायूंचे लांब धागे नाहीत, की शिजून मऊ होणारे चिवट पडदे फारसे नाहीत. त्यामुळे जास्त शिजवण्याने ते मऊ पडत नाही, उलट कोरडे आणि भुसभुशीत होते. आपल्या आज्या कलेजीत मीठ शेवटी घालायला सांगत आणि 'रंग बदलला की उतर' म्हणत. व्हेनिसची आचारीण यापेक्षा वेगळे काही सांगणार नाही.

इस्तंबूलमध्ये मेंढीच्या कलेजीचे लहान तुकडे पिठात घोळवून तळतात आणि वर कच्चा कांदा व आंबट सुमाक टाकतात. त्याचे नावच 'अर्नाउत जिगेरी', म्हणजे अल्बेनियन कलेजी. उस्मानी राजधानीत पोटासाठी आलेल्या अल्बेनियन फेरीवाल्यांची आठवण त्या नावात राहिली आहे. उस्मानींची जुनी राजधानी एदिर्ने येथे वासराची कलेजी पानासारखी पातळ कापून कढईत कुरकुरीत तळतात आणि सोबत तळलेल्या लाल मिरच्या देतात. पूर्वेकडे उर्फा शहरात सळईवर भाजलेली कलेजी लोक चक्क न्याहारीला खातात. तेहरानच्या गल्ल्यांत 'जिगरकी' नावाची दुकाने असतात. तिथे निखाऱ्यावर जिगर, दिल आणि गुर्दा असे जिन्नस.

इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराची 'किब्दा इस्कंदरानी' ही तर हातगाडीची राणी. लसूण, जिरे, हिरवी मिरची आणि लिंबू घालून कलेजीच्या बारीक पट्ट्या मोठ्या तव्यावर परततात आणि पावात भरून देतात. आपल्याकडच्या तवा-कलेजीशी तिचे नाते कोणालाही चटकन पटेल. मात्र अलीकडे या गाडीवर बरीच कलेजी अमेरिकेहून गोठवून आलेली असते. अमेरिकन माणसाने यकृत खाणे जवळजवळ सोडले आणि त्याच्या बैलांच्या कलेजीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इजिप्त झाला. बर्फाने हजारो वर्षांचा नियम मोडला. कलेजी प्रथमच समुद्र ओलांडून गरिबाकडे आली. एकाने नाकारलेली वस्तू दुसऱ्याचे जेवण झाली.

दख्खनचा तवा

आपल्या भूमीतही कलेजी बाहेरून आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीतल्या अगदी जुन्या पद्यपंक्ती ज्यात सापडतात, तोच हा ग्रंथ. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात यकृताचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून, मसाल्यात तळून, दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायला सांगितले आहे. दख्खनमध्ये सुलतान येण्याच्या दोनशे वर्षे आधी इथला हिंदू राजा कलेजी चवीने खात होता. मांसाहार आपल्याबरोबरच या मातीत आला असे समजणाऱ्यांनी हे पान जरूर उघडावे.

गोव्याच्या ख्रिस्ती घरातले सोरपोतेल पोर्तुगालहून आले. त्यात डुकराची कलेजी असते, तेव्हा ते आपल्या ताटातले नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे. व्हिनेगर आणि मसाल्यात मुरवून त्यांनी नाशवंत कलेजी दिवसेंदिवस टिकवली, आणि ती मुरल्यावरच अधिक चवदार लागते. मुंबईच्या पारशांची 'अलेटी-पलेटी' म्हणजे कोंबडीची कलेजी आणि पेटा. घाटावरच्या जत्रेत वजडी आणि कलेजी असतेच. मुसलमान मोहल्ल्यातल्या खानावळींत भेजा, गुर्दा, कलेजी यांचा तवा दिवसभर तापलेला असतो. मटण परवडत नाही त्याला ही सोय. बड्याच्या कलेजीवर तर गरीब कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने महाराष्ट्रात बैलाचे मांस बंद झाले, म्हशी-रेड्यांचे तेवढे राहिले. त्यामुळे या सोयीचाही संकोच झाला.

बकरी ईदला आपल्या घरांत पहिली शिजते ती कलेजीच. पैगंबर ईदुल अजहाच्या दिवशी नमाजआधी काही खात नसत, असे हदीसमध्ये आहे. परतल्यावर ते कुर्बानीच्या कलेजीतून खात, असा उल्लेख बैहकीच्या रिवायतीत येतो. मांसाचे वाटे घालायला वेळ लागतो. कलेजी मात्र लगेच शिजते, आणि ताटाभोवती जो असेल त्याला ती मिळते. त्या वेळी ताटाभोवती कोण असते, हा मात्र विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

परळची नोंद

यकृत हे औषध आहे, हे माणसाला फार पूर्वीच कळले होते. इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये आणि आपल्याकडे सुश्रुतसंहितेत डोळ्यांच्या विकारांवर यकृताचे उपाय आहेत. त्यात साठलेले 'अ' जीवनसत्त्व रातांधळेपणावर गुणकारी असते, हे विज्ञानाला विसाव्या शतकात उमगले. रक्तक्षयाचे तसेच. जॉर्ज व्हिपल, जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी तोवर हमखास प्राणघातक ठरणाऱ्या एका रक्तक्षयाचे रुग्ण रोज भरपूर यकृत खायला घालून वाचवले. त्यासाठी १९३४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातले ते द्रव्य म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये वेगळे करता आले.

या कथेचा एक अध्याय मुंबईत घडला आणि तो आपल्या समाजाशी थेट निगडित आहे. १९२८ साली ल्युसी विल्स (१८८८-१९६४) ही इंग्रज डॉक्टर भारतात आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने त्याचा शोध घेतला. वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, याच्या तिने नोंदी केल्या. त्यातून दिसले, की सर्वांत निकस आहार गरीब मुसलमान बायकांचा होता आणि या रोगाला सर्वाधिक बळीही त्याच पडत होत्या. तिला इलाजही सापडला. शुद्ध केलेला यकृताचा अर्क चालत नव्हता. पण साधा, अशुद्ध अर्क चालत होता, आणि यीस्टपासून बनलेले 'मार्माइट' हे स्वस्त चाटणही चालत होते. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अज्ञात द्रव्याला आधी 'विल्स घटक' म्हटले गेले. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून मिळवले गेले तेव्हा त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. आज जगभर गरोदर स्त्रीला दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळी परळच्या त्या बायकांच्या आजारपणातून आली आहे. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

ज्या द्रव्याअभावी त्या मरत होत्या ते कलेजीत ठासून भरलेले असते. मुंबईत जनावरे कापली जात होती, कलेजी बाजारात स्वस्तात मिळत होती, आणि ती हलाल होती. तरी ती त्या बायकांपर्यंत पोचली नाही. एक कारण गरिबी. दुसरे कारण शोधायला अहवाल चाळावा लागत नाही. आपल्या घरातली जेवणाची उतरंड पाहिली तरी पुरे. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी जिने रांधले ती. कलेजी लवकर शिजते तशी लवकर संपते. शेवटच्या ताटापर्यंत उरतो तो रस्सा.

हे फक्त १९३० सालचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत, आणि त्यात धर्माचा भेद नाही. कलेजी हा यावरचा एकमेव इलाज नव्हे. पालेभाज्या, कडधान्ये, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या, हे सारे आहेच. शिवाय गरोदरपणात यकृत खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यातले 'अ' जीवनसत्त्व फार झाले तर गर्भाला अपाय करते. पण वाढत्या वयाच्या मुलीला, मासिक पाळीने थकलेल्या बाईला, बाळंतपणातून उठलेल्या सुनेला आठवड्यातून एकदा तव्यावरचे चार तुकडे देणे कोणत्याही घराला अवघड नाही.

अरबीतल्या 'कबिद' या शब्दाची एक जागा सांगायची राहिली. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोघांनी नोंदवली आहे. जनावरांवर दया केली तर त्याचाही सवाब मिळतो का, असे सहाबांनी विचारले. उत्तरात पैगंबरांनी प्रत्येक सजीवासाठी जो शब्द वापरला, तो 'कबिद रत्बा', म्हणजे ओले, जिवंत यकृत. ज्याचे यकृत ओले आहे, त्या प्रत्येकाशी केलेल्या भलाईचा मोबदला आहे. कलेजीची कढई उतरल्यावर पहिला वाटा कोणाचा, हे ठरवताना चुलीपाशी बसलेल्या बाईचाही या शब्दात समावेश आहे, एवढे आपण ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.